मिरजेचे वॉन्लेस डॉक्टर

सांगलीहून मिरजेकडे निघाले की विश्रामबागेला लागूनच वानलेसवाडी येते. हे नाव ऐकून ती एखादी जुनी मराठी वाडी असावी, असा कुणाचाही समज व्हावा. पण हे नाव पडले ते क्षयरोग्यांसाठी 1920 मध्ये तिथे सुरू झालेल्या आरोग्यधामामुळे, आणि ते कॅनडात जन्मलेल्या एका शल्यविशारदाचे आहे. सर विल्यम जेम्स वॉन्लेस यांनी मिरजेत जवळपास चाळीस वर्षे काम केले. मिरज ही वैद्यकीय नगरी म्हणून ओळखली जाते, त्याची सुरुवात या माणसापासून होते.

वॉन्लेस यांचा जन्म 1865 मध्ये कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातला. वैद्यकीय शिक्षण न्यूयॉर्कमध्ये झाले. 1889 मध्ये पदवी हातात पडली आणि त्याच वर्षी पत्नी मेरी यांच्यासह ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारताकडे निघाले. वय 24. या मिशनचे काम तेव्हा कोल्हापूर आणि आसपासच्या संस्थानांत चालत असे. नव्या डॉक्टरांची नेमणूक सांगलीला झाली आणि तिथे एक छोटा दवाखाना सुरू झाला.

त्या काळचा या भागाचा नकाशा डोळ्यांसमोर आणायला हवा. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखाली होते. सांगली, मिरज आणि जत ही स्वतंत्र संस्थाने होती. सरकारी वैद्यकीय शिक्षण म्हणजे मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज किंवा पुण्याची वैद्यकीय शाळा. मोठी शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाला शेकडो मैल न्यावे लागे. नेता आले नाही तर गावातल्या वैद्यावर, वैदूवर किंवा नशिबावर सोपवावे लागे.

मोतीबिंदूचेच पाहा. डोळ्यातले भिंग गढूळ झाले की उजेड आत जात नाही आणि माणूस हळूहळू आंधळा होतो. यावर गावोगाव फिरणारे वैदू एक उपाय करत. सुई डोळ्यात घालून ते गढूळ भिंग मागे किंवा खाली ढकलायचे. ही पद्धत फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेतही मोतीबिंदूवर सुईसारखे शस्त्र वापरून करायची शस्त्रक्रिया वर्णन केलेली आहे. ढकललेले भिंग बाजूला झाले की रुग्णाला तिथल्या तिथे दिसू लागे आणि वैदूला बिदागी मिळे. पण भिंग डोळ्यातच राही. सुई स्वच्छ नसे. काही दिवसांनी डोळा सुजे, पू होई, आतला दाब वाढे आणि कित्येकांची उरलीसुरली नजरही जाई. तोवर वैदू पुढच्या गावी पोहोचलेला असे.

वॉन्लेस शिकून आले होते ते भिंग डोळ्याबाहेर काढण्याची शस्त्रक्रिया. ती जास्त नाजूक. छेद नीट जावा लागतो, पट्टी बांधून रुग्णाला दिवसेंदिवस निश्चल पडून राहावे लागते आणि नंतर जाड भिंगाचा चष्मा लागतो. पण हात आणि हत्यारे निर्जंतुक असली की डोळा टिकतो. जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा जंतुमुक्त ठेवण्याची पद्धत मांडून तेव्हा जेमतेम पाव शतक झाले होते. हत्यारे वाफेने निर्जंतुक करण्याची रीत तर अगदी नवी होती. क्लोरोफॉर्मने भूल देणे मात्र चांगलेच रुळले होते. म्हणजे वॉन्लेस यांची पिढी ही पोट उघडूनही रुग्ण वाचेल अशी खात्री बाळगू शकणारी जवळपास पहिलीच पिढी. मोतीबिंदू, मूतखडे, गाठी, अंतर्गळ अशा आजारांनी वर्षानुवर्षे पिचलेली माणसे आपल्या पायांनी घरी परतू लागली की त्याहून मोठी जाहिरात कोणती?

मग सांगली सोडून मिरज का? याचे उत्तर रेल्वेत आहे. सांगलीला तेव्हा रेल्वे नव्हती. पटवर्धनांच्या त्या राजधानीला मिरजेशी जोडणारा फाटा 1907 मध्ये झाला. मिरज मात्र पुण्याहून दक्षिणेकडे जाणाऱ्या मीटरगेज मार्गावर होते आणि 1891 मध्ये कोल्हापूरची गाडीही तिथे येऊन मिळाली. साताऱ्याकडचा, बेळगावकडचा, कोल्हापूरचा रुग्ण एका तिकिटात मिरजेला उतरू शकत होता. बैलगाडीत खडखडत आणलेला अंतर्गळाचा रुग्ण आणि डब्यात आडवा करून आणलेला रुग्ण यांत जगण्या-मरण्याचा फरक पडतो. रुग्णालय कुठे असावे हे राजधानी कुठे आहे यावरून न ठरवता रुग्ण कसा पोहोचेल यावरून ठरवले गेले. साधी गोष्ट, पण आजही रुग्णालयाची जागा ठरवताना ती विसरली जाते.

मिरज संस्थानाची गादी तेव्हा गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धनांकडे होती. संस्थानाकडून जागा मिळाली. इमारतीसाठी पैसे आले फिलाडेल्फियाहून, जॉन कॉन्व्हर्स यांच्याकडून. कॉन्व्हर्स हे बाल्डविन या रेल्वे इंजिनांच्या प्रसिद्ध कारखान्याचे मालकांपैकी एक. रेल्वेच्या आधाराने उभे राहिलेले रुग्णालय इंजिने विकून मिळालेल्या पैशावर बांधले गेले, असा हा योग. 1894 मध्ये रुग्णालय सुरू झाले. मिरजेच्या बोलीत ते आजतागायत मिशन हॉस्पिटल.

वॉन्लेस धर्मप्रसारासाठी आले होते, हे झाकण्यात अर्थ नाही. औषधोपचार हे त्यांच्या मिशनच्या दृष्टीने धर्मप्रसाराचेच एक साधन होते आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. त्यामुळे सनातनी घरांत संशय होता, आणि तो निराधार नव्हता. पण आजार जात पाहत नाही आणि हाताला गुण असलेल्या डॉक्टरकडे माणूस जातोच. ब्राह्मण, मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या जातींतले, सगळेच मिरजेची वाट धरू लागले. धर्म बदललेल्यांपेक्षा बरे होऊन आपापल्या देवाला नारळ फोडणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी असणार, यात शंका नाही.

एकट्याच्या हातांनी हा व्याप झेपणार नाही, हे वॉन्लेस यांच्या लवकरच लक्षात आले. परदेशातून डॉक्टर मागवायचे तर पैसा हवा, वेळ हवा आणि आलेला माणूस उन्हाळ्यात, प्लेगात टिकला पाहिजे. म्हणून त्यांनी इथलीच मुले घेतली. रुग्णालयातच वैद्यकीय वर्ग सुरू झाला. विद्यार्थी सकाळी खाटांमधून फिरत, शस्त्रक्रियेत मदत करत आणि उरलेल्या वेळात पुस्तके वाचत. पुढे परिचारिकांचेही शिक्षण सुरू झाले. ही कल्पना सहज पचण्यासारखी नव्हती. परक्या पुरुषाची जखम धुणे, त्याचे मलमूत्र उचलणे हे काम कोणत्या घरची मुलगी करणार? त्या मुली मुख्यतः ख्रिस्ती घरांतून आल्या आणि मराठी मुलखात परिचारिका हा मानाचा पेशा होण्याला त्यांचा मोठा हातभार लागला. या स्त्रियांची चरित्रे मात्र कुणी लिहिली नाहीत.

वॉन्लेस यांच्या कामातला हा भाग शस्त्रक्रियांपेक्षाही महत्त्वाचा मानायला हवा. कुशल सर्जन गेला की त्याचे कौशल्य त्याच्याबरोबर जाते. शिकवलेली माणसे राहतात.

1897 नंतर प्लेगच्या साथी आल्या, मग 1899-1900 चा दुष्काळ. त्याच सुमारास, 1900 मध्ये, मिरजेत कुष्ठरुग्णांसाठी वेगळे आश्रयस्थान सुरू झाले. तेव्हा कुष्ठरोगावर खात्रीचे औषध नव्हते. कडू कवठाच्या जातीच्या बियांचे, चौलमुग्रा म्हणून ओळखले जाणारे तेल दिले जाई आणि त्याचा उपयोग थोडाच होई. जखमा धुणे, खाऊपिऊ घालणे आणि घराबाहेर काढलेल्या माणसाला छप्पर देणे एवढेच हाती होते. डॅप्सोनने हा रोग आटोक्यात येऊ लागला तो 1940 च्या दशकात.

क्षयाची गोष्टही अशीच. कॉख यांनी 1882 मध्ये जंतू शोधला होता, पण जंतू माहीत असणे वेगळे आणि त्याला मारता येणे वेगळे. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी आणि घरच्यांपासून दूर राहणे, हाच उपचार. त्यासाठी गावाबाहेर, माळावर, भरपूर वारा येईल अशी जागा लागते. म्हणून सांगली-मिरजेच्या मधला माळ निवडला गेला. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1943 मधला. त्याआधी तिथे दाखल झालेल्यांपैकी काही बरे झाले, अनेक झाले नाहीत. पण रुग्ण दाटीवाटीच्या घरातून बाहेर आल्याने घरातली मुले वाचण्याची शक्यता वाढे, हा फायदा खरा होता.

1928 मध्ये वॉन्लेस यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी ते निवृत्त होऊन अमेरिकेला परतले. रुग्णालयाची धुरा त्यांचे सहकारी डॉ. चार्ल्स व्हेल यांच्याकडे आली. वॉन्लेस यांनी भारतातल्या कामाच्या आठवणींचे पुस्तक 1932 मध्ये प्रसिद्ध केले आणि 1933 मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. पुढे मिशन हॉस्पिटलला त्यांचेच नाव मिळाले.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. 1949 मध्ये सातारा जिल्ह्याचे काही तालुके आणि ही संस्थाने मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. नव्या महाराष्ट्र सरकारने या भागात वैद्यकीय महाविद्यालय काढायचे ठरवले, तेव्हा ते जिल्ह्याच्या ठिकाणी, सांगलीत निघाले नाही. 1962 मध्ये ते निघाले मिरजेत. कारण विद्यार्थ्यांना शिकवायला रुग्ण लागतात, भरलेल्या खाटा लागतात, रोज चालणारे शस्त्रक्रियागृह लागते आणि ते सगळे मिशन हॉस्पिटलात तयार होते. सरकारी महाविद्यालय आणि खासगी मिशनचे रुग्णालय अशी ही जोडी सुरुवातीची वर्षे चालली. देशात असे उदाहरण विरळा. पुढे सरकारने मिरजेत स्वतःचे रुग्णालय उभे केले. सांगलीचे सिव्हिल, म्हणजे आजचे पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालयही या महाविद्यालयाला जोडलेले आहे. ही दोन्ही सरकारी रुग्णालये आज गरीब रुग्णाचा मुख्य आधार आहेत. ज्या रुग्णालयाच्या बळावर हे महाविद्यालय आले, ते मात्र देणग्यांचा ओघ आटत गेल्यावर पैशाच्या ओढाताणीत सापडले.

साताऱ्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला 2021 उजाडावे लागले. कृष्णानगरला जलसंपदा विभागाच्या जागेवर त्याची मोठी इमारत ठरली. पण पहिल्या तुकडीचे 100 विद्यार्थी आले तेव्हा ती इमारत उभी नव्हती. शिकवणे सुरू झाले ते क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयाच्या आधाराने, जिथे खाटा आणि रुग्ण आधीपासून होते.