पोलादाचा ध्यास

हुडकेश्वर ही नागपूर शहराच्या दक्षिणेकडची वस्ती. एकेकाळचे हे खेडे आता शहराला येऊन मिळाले आहे. जिकडे तिकडे नवी घरे उभी राहत आहेत. घराचे बांधकाम निघाले, की दारात वाळू, गिट्टी आणि लोखंडी सळया येऊन पडतात. पहिला पाऊस झाला, की त्या सळयांवर तांबूस गंज चढतो. हे दृश्य आपल्या इतके ओळखीचे आहे, की त्याकडे आपले लक्षही जात नाही. ही सळई पोलादाची असते. पोलाद हा मराठी शब्द फारसीतील 'फौलाद' या शब्दापासून आला आहे.

फार पूर्वी आपल्या देशात ठिकठिकाणी लहान भट्ट्यांत लोखंड तयार करत. हिंदुस्थानी पोलादाच्या तलवारींची ख्याती दूरदूर पसरली होती. पुढे मोठ्या कारखान्यांतील परदेशी लोखंड स्वस्तात येऊ लागले आणि त्या भट्ट्या एकामागून एक विझल्या. रेल्वेचे रूळ आणि पुलांच्या तुळया जहाजांतून इंग्लंडहून येऊ लागल्या. आपल्या देशाचे पोलाद आपल्याच देशात तयार व्हावे, असा ध्यास एका माणसाने घेतला. त्यांचे नाव जमशेटजी नसरवानजी टाटा.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील मुंबईत व्यापार करत. जमशेटजी शिक्षणासाठी मुंबईला आले. १८५८ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण पूर्ण करून ते वडिलांच्या व्यापारात शिरले. इंग्लंडमध्ये त्यांनी कापडगिरण्या बारकाईने पाहिल्या. आपणही गिरणी काढावी, असे त्यांच्या मनाने घेतले.

त्या काळी गिरण्या काढायच्या त्या मुंबईतच, असा रिवाज होता. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडले. वऱ्हाडचा कापूस येथून जवळ होता. वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. रेल्वेही आली होती. शहरातील जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन त्यांनी घेतली आणि भराव टाकून ती पक्की करून घेतली. एका सावकाराने तर त्यांना हसून पैसे नाकारले. हा माणूस चिखलात सोने पुरतो आहे, असे त्याला वाटले. पुढे गिरणीची भरभराट पाहून, जमशेटजींनी माती पुरून सोने काढले, असे त्यालाच कबूल करावे लागले, अशी गोष्ट सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी ही एम्प्रेस मिल सुरू झाली. कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाची आणि १८९५ मध्ये अपघातातील नुकसानभरपाईची सोय तेथे करण्यात आली. आज ती गिरणी बंद झाली आहे. पण जुन्या नागपूरकरांच्या तोंडी तिचे नाव अजून आहे.

नागपूरला गिरणी चालू असतानाच, १८८२ मध्ये, जमशेटजींच्या हाती एक अहवाल आला. श्वार्झ नावाच्या तज्ज्ञाने तो लिहिला होता. चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, लोहारा येथे उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे, असे त्यात म्हटले होते. वरोऱ्याचा कोळसा तेथून फार दूर नव्हता. जमशेटजींना आनंद झाला. त्या वेळी ते ४३ वर्षांचे होते.

पण खनिज आणि कोळसा जवळजवळ सापडले, म्हणजे पोलाद तयार झाले, असे नाही. असे का, हे समजण्यासाठी आपल्याला थोडे रसायनशास्त्र पाहावे लागेल.

मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत मधल्या भागात धातूंचा एक मोठा गट आहे. त्यांना संक्रमण धातू म्हणतात. लोह, मँगनीज, क्रोमिअम, निकेल, तांबे हे त्यांपैकीच. सोडिअमसारखा धातू चाकूने कापता येतो. संक्रमण धातू बहुधा कठीण आणि मजबूत असतात. ते वितळायला फार उष्णता लागते. लोह १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. या धातूंची संयुजा बदलते. लोहाची संयुजा कधी दोन असते, तर कधी तीन. त्यांचे क्षार बहुधा रंगीत असतात. हिराकस हिरवा दिसतो तो लोहामुळे, मोरचूद निळे दिसते ते तांब्यामुळे आणि पोटॅशिअम परमँगनेट जांभळे दिसते ते मँगनीजमुळे. यांपैकी काही धातू रासायनिक क्रियांचा वेग वाढवतात. त्यांना उत्प्रेरक म्हणतात. वनस्पती तूप तयार करताना निकेल आणि अमोनिया तयार करताना लोह हेच काम करते. शिवाय हे धातू एकमेकांत सहज मिसळतात आणि त्यांपासून नवनवीन संमिश्रे तयार होतात.

जमिनीत लोह शुद्ध रूपात क्वचितच मिळते. ते ऑक्सिजनशी घट्ट जोडलेले असते. सळईवरचा तांबूस गंज आणि डोंगरातले तांबडे लोहखनिज यांचे नाते जवळचे आहे. दोन्हींत लोहाची ऑक्सिजनशी गाठ पडलेली असते. ही गाठ सोडवायची, तर खनिज झोतभट्टीत कोकबरोबर तापवावे लागते. कोळसा हवेशिवाय खूप तापवला, की त्याचा कोक होतो. भट्टीत कोक जळून तयार होणारा वायू खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो आणि लोखंड वितळून खाली साचते. शेकडो मण खनिजाचा भार पेलण्याइतका कोक टणक असावा लागतो. असा कोक प्रत्येक कोळशापासून होत नाही.

जमशेटजींनी लोहाऱ्याचे खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा जर्मनीला तपासण्यासाठी पाठवला. खनिज चांगले निघाले. कोळसा मात्र या कामाला उपयोगी पडणार नाही, असे कळले. त्यातच खाणींविषयीचे सरकारी नियम फार जाचक होते. जमशेटजींना तो विचार बाजूला ठेवावा लागला. तरी त्यांनी तो मनातून काढून टाकला नाही. ते जेथे जात, तेथून दगडांचे नमुने आणि खनिजांची माहिती गोळा करत राहिले. अशी सतरा वर्षे गेली.

१८९९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या काळात खाणींचे नियम सैल झाले. जमशेटजींनी पुन्हा कंबर कसली. १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले. त्यांनी तेथील पोलादाचे कारखाने पाहिले. चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याच्या कचेरीत ते स्वतः जाऊन उभे राहिले आणि भारतात येऊन पोलादाचा कारखाना उभारण्यास मदत करावी, अशी विनंती त्यांनी केली. अनोळखी पाहुण्याचे हे बोलणे ऐकून पेरिन थक्क झाला. पण त्याने होकार दिला. पेरिनचा सहकारी वेल्ड खनिजाच्या शोधासाठी भारतात आला.

वेल्ड, जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी आणि आप्त शापुरजी सकलातवाला चांद्याच्या जंगलात हिंडू लागले. बैलगाडीचा प्रवास, वाघांची भीती आणि पाण्याचे दुर्भिक्ष यांना तोंड देत त्यांनी लोहाऱ्याचा डोंगर तपासला. खनिज चांगले होते. पण मोठा कारखाना वर्षानुवर्षे चालेल, इतके ते नव्हते. वेल्ड निराश झाला. परत जाण्याची भाषा सुरू झाली.

याच सुमारास दोराबजी एका कामासाठी नागपूरला आले. ज्या सरकारी अधिकाऱ्यांना भेटायचे होते, ते जागेवर नव्हते. वेळ घालवण्यासाठी दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात, तेच हे संग्रहालय. ते १८६३ मध्ये स्थापन झाले आहे. तेथे मध्य प्रांताचा एक भूशास्त्रीय नकाशा लावलेला होता. नकाशात दुर्ग भागाजवळ गडद रंगाच्या खुणा होत्या. त्या लोहखनिजाच्या होत्या. दोराबजींनी वेल्डला ही गोष्ट सांगितली आणि मंडळी तिकडे निघाली. आज छत्तीसगड राज्यात असलेल्या दल्ली-राजहरा येथील डोंगरावर ते पोहोचले, तेव्हा पायाखालचा खडक धातूसारखा वाजत होता, असे सांगतात. तेथे उत्तम लोहखनिजाचा प्रचंड साठा होता. पण जवळपास योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी नव्हते. तीन वस्तू एकत्र हव्या होत्या आणि नेहमी एखादी कमी पडत होती.

तेवढ्यात एक पत्र आले. भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी २४ फेब्रुवारी १९०४ रोजी ते लिहिले होते. मयूरभंज संस्थानात विपुल लोहखनिज आहे आणि झरियाचा कोळसा तेथून जवळ आहे, अशी माहिती त्यात होती. वाट सापडली होती. पण जमशेटजींची प्रकृती ढासळली होती. उपचारांसाठी ते युरोपात गेले. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. ज्या पोलादासाठी बावीस वर्षे धडपड केली, त्याचा एक तुकडाही त्यांना पाहायला मिळाला नाही.

दोराबजींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम थांबवले नाही. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली. लंडनमध्ये भांडवल मिळेना, तेव्हा त्यांनी आपल्या देशबांधवांना साद घातली. सुमारे ८००० भारतीयांनी तीन आठवड्यांत लागणारे भांडवल उभे केले. सुवर्णरेखा आणि खरकई या नद्यांच्या संगमाजवळ साकची येथे कारखाना उभा राहिला. भारतीय रेल्वेच्या एका बड्या इंग्रज अधिकाऱ्याने या बेताची थट्टा केली होती. टाटांनी रूळ तयार केले, तर ते आपण खाऊन दाखवू, असे तो म्हणाला होता, असे सांगतात. २ डिसेंबर १९११ रोजी तेथे पहिले लोखंड तयार झाले आणि १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पहिले पोलाद बाहेर पडले. पहिल्या महायुद्धात याच कारखान्याचे रूळ समुद्रापार गेले.

भट्टीतून निघालेल्या लोखंडात सुमारे चार टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते ठिसूळ असते. कार्बन कमी केला, की पोलाद तयार होते. पण त्यात थोडे मँगनीज घालावेच लागते. मँगनीज उरलासुरला ऑक्सिजन आणि गंधक यांना आवरते. ते नसेल, तर तापलेले पोलाद लाटताना तडकते. हे मँगनीज आपल्या नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील खाणींतून निघते. क्रोमिअम मिसळले, की स्टेनलेस स्टील होते. आपल्या घरातील चकचकीत ताटवाट्यांना गंज चढत नाही, तो त्यामुळे. एका धातूला दुसऱ्याची साथ मिळाली, की त्याचे गुण बदलतात.

जमशेटजींनी केवळ कारखान्याचा विचार केला नव्हता. जागाही ठरलेली नसताना, त्यांनी दोराबजींना पत्राने कळवले होते, की कामगारांच्या गावात रुंद रस्ते आणि सावलीची झाडे असावीत. खेळांसाठी मैदाने आणि बागा असाव्यात. हिंदूंची मंदिरे, मुसलमानांच्या मशिदी आणि ख्रिस्ती लोकांची चर्च यांसाठीही जागा राखून ठेवावी. २ जानेवारी १९१९ रोजी साकचीला जमशेदपूर हे नाव देण्यात आले. विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा वाटा देऊ केला होता. त्यातून १९०९ मध्ये बंगळूरची विज्ञान संस्था स्थापन झाली. तीही त्यांच्या मृत्यूनंतरच.

दल्ली-राजहऱ्याचे खनिजही वाया गेले नाही. स्वातंत्र्यानंतर भिलाईचा पोलाद कारखाना त्याच डोंगरांच्या आधारावर उभारण्यात आला. संग्रहालयातील नकाशावरची ती खूण पन्नास वर्षांनी कामी आली.

हुडकेश्वरहून अजब बंगला फार दूर नाही. तेथे गेलात, तर दगडांच्या आणि नकाशांच्या दालनातून घाईने पुढे जाऊ नका. घराजवळ पडलेली सळई पाहाल, तेव्हा हेही आठवा, की ज्या माणसाने तिच्यासाठी पहिली वाट शोधली, त्याला ती पाहता आली नाही. त्याने लावलेल्या झाडाची फळे इतरांनी चाखली. झाड लावताना त्याची अपेक्षाही तेवढीच होती.