ॲग्नेस स्मेडली : वार्ताहर आणि हेरगिरीचा आरोप

चंद्रपूरच्या शेजारच्या वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२१ मध्ये ज्या हिंदी गटाबरोबर मॉस्कोला गेले, त्या गटात एक अमेरिकन स्त्री होती. त्या म्हणजे ॲग्नेस स्मेडली.

त्यांचा जन्म १८९२ मध्ये मिझुरी राज्यात झाला. बालपण कोलोरॅडोतील कोळसा खाणींच्या वस्त्यांत गेले. तेथील दारिद्र्य चंद्रपूरच्या विद्यार्थ्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. न्यूयॉर्कमध्ये लाला लजपतराय यांच्या सहवासात त्या हिंदी स्वातंत्र्याच्या कार्याकडे वळल्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटन हा अमेरिकेचा मित्र असल्याने १९१८ मध्ये हेरगिरीविरोधी कायद्याखाली त्यांना अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले. संशय मात्र आयुष्यभर पाठीशी राहिला. त्यानंतर बर्लिनमध्ये त्या सरोजिनी नायडू यांचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्यासमवेत राहिल्या.

१९२८ च्या अखेरीस एका जर्मन वृत्तपत्राच्या वार्ताहर म्हणून त्या चीनला निघाल्या. शांघायमध्ये त्यांचा परिचय रिचर्ड झोर्गे यांच्याशी झाला. झोर्गे वरकरणी पत्रकार, प्रत्यक्षात सोव्हिएत हेर होते. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केल्यावर स्मेडली साम्यवादी सेनेबरोबर हिंडल्या. त्यांच्याच आग्रहावरून सेनापती चु तेह यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये मुंबईहून निघालेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस सर्वांना ठाऊक आहेत. चोळकरांचे नाव विदर्भातही क्वचितच निघते.

शीतयुद्ध सुरू झाले आणि जुना संशय नव्या रूपात उभा राहिला. फेब्रुवारी १९४९ मध्ये अमेरिकी सैन्यदलाने जाहीर अहवालात स्मेडली यांना झोर्गे यांच्या हेरजाळ्यातील ठरवले. त्यांनी अब्रुनुकसानीच्या खटल्याचा इशारा देताच काही दिवसांतच सैन्यदलाने माघार घेतली. तरीही अमेरिकेत राहणे त्यांना अवघड झाले. त्या इंग्लंडला गेल्या आणि ६ मे १९५० रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या समर्थकांनी हा आरोप दीर्घकाळ निव्वळ कुभांड मानला. चरित्रकार रूथ प्राइस यांनाही प्रारंभी तसेच वाटत होते. परंतु २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रात त्यांनी, स्मेडली यांनी सोव्हिएत यंत्रणेसाठी खरोखर गुप्त काम केले होते, असा निष्कर्ष मांडला. सैन्यदलाने पुराव्याअभावी घाईने केलेला आरोप अन्यायकारक होता, आणि स्मेडली यांचा संपूर्ण इन्कारही खरा नव्हता. या दोन्ही गोष्टी अभ्यासकाला एकत्रच ध्यानात ठेवाव्या लागतात. त्यांच्या अस्थी त्यांच्या इच्छेनुसार बीजिंगमध्ये पुरण्यात आल्या.