तमासगीर विठाबाई

स्मरणिकेत संतांची व पुढाऱ्यांची चरित्रे नेहमीच येतात. मी आज एका तमासगीर बाईची हकीकत लिहीत आहे. कोणी नाक मुरडू नये.

माझे माहेर शिरूरकडचे, सासर दौंडकडचे. दोन्हीकडे जत्रेच्या रात्री पुरुषमंडळी तमाशाला जात आणि आम्ही अंगणात पडल्या पडल्या ढोलकी ऐकत असू. बायकांनी तिकडे फिरकायचे नाही, असा रिवाज होता. त्यामुळे विठाबाई नारायणगावकरांचे नाव ऐकून माहीत, पण त्यांना पाहणे घडले नाही.

विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपूरला झाला. घराणे आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगावचे. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभारला. पुढे वडील भाऊ व चुलते बापू यांच्या नावाने तो गाजला. विठाबाईंच्या पायांत लहानपणीच चाळ आले. गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग, असा तमाशाचा क्रम. विठाबाई लावणी नाचत, स्वतः गात आणि वगात कामही करीत. लोक त्यांना तमाशासम्राज्ञी म्हणू लागले. १९५७ व १९९० साली त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

त्यांची एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. रिकामे पोट पाहून प्रेक्षकांनीच खेळ थांबवायला लावला, असे सांगतात.

पुरुषमंडळी ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला मात्र ऐकताना पोटात कालवते. माझ्या बाळंतपणात आईने मला सव्वा महिना घराबाहेर पाऊल टाकू दिले नव्हते. विठाबाईंना त्या रात्री नाचू नकोस म्हणणारे कोणी नव्हते काय? खेळ बंद पडला तर सगळ्या फडाची चूल बंद, हे त्या जाणून असतील.

एवढे नाव मिळवूनही म्हातारपण हलाखीत गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्या वारल्या. दवाखान्याचे बिल देणगीदारांनी भागविले. पुढे सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो पाहायला त्या नव्हत्या.

यंदा जत्रेला फड आला, तर त्यातील बायकांची विचारपूस करायला मंडळाच्या आपण चौघीजणी जाऊ या. एखादी लेकुरवाळी असली, तर तिच्यासाठी घरून गरम भाकरी नेऊ या.