शरणपूरचे जेकब वेनराइट

नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या नावामागचा इतिहास ठाऊक असेल. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये शहराबाहेर ही ख्रिस्ती वसाहत वसविली. पुढे काही वर्षांतच तेथे आफ्रिकी मुलामुलींसाठी आश्रम सुरू झाला. गुलामांची वाहतूक करणाऱ्या गलबतांवरून ब्रिटिश नौदलाने सोडविलेली मुले तेथे आणली जात. जेकब वेनराइट हे त्यांपैकीच एक. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तेव्हा शवपेटिकेच्या आठ मानकऱ्यांत ते एकमेव आफ्रिकी होते.

जेकब यांचा जन्म पूर्व आफ्रिकेतील न्यासा सरोवराच्या परिसरात, याओ जमातीत झाला. बालपणीच ते गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडले. त्या काळी झांजिबार ही या व्यापाराची मोठी पेठ होती. १८४५ च्या तहाने झांजिबारच्या सुलतानाने आफ्रिकेबाहेर गुलाम पाठविण्यास मनाई केली होती. पण सुलतानाच्याच आफ्रिकी मुलखात, म्हणजे दक्षिणेच्या किल्वापासून उत्तरेच्या लामूपर्यंत, त्यांची ने-आण करण्यास मुभा राहिली. या पळवाटेचा लाभ घेऊन गलबते नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर थेट अरबस्तान गाठीत. किनारा लांबलचक आणि गस्तीची जहाजे मोजकी, त्यामुळे नौदलाच्या हाती त्यांतली थोडीच लागत. अशाच एका कारवाईत जेकब यांची सुटका झाली.

सुटका झाली तरी घरी परतणे शक्य नसे. गावे किनाऱ्यापासून दूर, आणि वाटा व्यापाऱ्यांच्याच ताब्यात. म्हणून सुटलेल्यांना एडन, सेशेल्स, मॉरिशस किंवा मुंबईच्या बंदरात उतरविले जाई. मुंबईत त्यांचा ताबा पोलीस आयुक्तांकडे जाई आणि तेथून त्यांची रवानगी खासगी घरांत किंवा मिशनऱ्यांकडे होई. मुलांनी कोठे राहावे, काय शिकावे, कोणते नाव लावावे, हे सारे इतरच ठरवीत. शरणपूरला या मुलांना इंग्रजी लिहिण्या-वाचण्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम अशी कारागिरी शिकविली जाई. लिव्हिंगस्टन यांनी १८६६ मध्ये आपल्या शेवटच्या मोहिमेवर शरणपूरची नऊ मुले नेली होती. १८७२ मध्ये त्यांच्या मदतीसाठी आणखी सहा तरुण गेले. त्यांत जेकब होते. ऑगस्टमध्ये ते उन्यान्येंबे येथे लिव्हिंगस्टन यांना जाऊन मिळाले.

१ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबियातील चितांबो यांच्या गावी, लिव्हिंगस्टन यांचे निधन झाले. मृतदेह तेथेच पुरून परतणे सोपे होते. मात्र सुसी, चुमा आणि त्यांच्या सोबत्यांनी तो किनाऱ्यापर्यंत नेण्याचे ठरविले. हृदय व आतील अवयव एका झाडाखाली पुरण्यात आले. दफनविधीची प्रार्थना जेकब यांनी वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. मृताच्या सामानाची यादीही त्यांनीच केली. देह मिठात घालून चौदा दिवस उन्हात सुकविण्यात आला आणि साल व कापडात गुंडाळून त्याची गाठोडी बांधण्यात आली.

पुढचा दीड हजार किलोमीटरहून अधिक प्रवास नऊ महिने चालला. वाटेत काही सहकारी दगावले. उन्यान्येंबे येथे भेटलेले नौदल अधिकारी कॅमेरॉन यांनी देह तेथेच पुरावा असे सुचविले. या मंडळींनी नकार दिला. पुढे मृतदेहाची वाहतूक गावकऱ्यांना मान्य नसल्याचे दिसताच तो परत पाठविल्याचा देखावा करून त्याला कापडाच्या गाठोड्याचे रूप देण्यात आले. ते मार्गात असतानाच, ५ जून १८७३ रोजी, मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या शिष्टाईनंतर आणि नाकेबंदीच्या धमकीखाली, सुलतानाने समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार पूर्णपणे बंद करून झांजिबारचा बाजार मिटविला.

फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयो येथे देह ब्रिटिशांच्या स्वाधीन झाला. तेथून तो नौदलाच्या ‘व्हल्चर’ जहाजाने झांजिबारला गेला. बहुतेक वाहकांना मजुरी देऊन निरोप देण्यात आला. चर्च मिशनरी सोसायटीने भाडे दिल्यामुळे जेकब मात्र शवपेटिकेसह इंग्लंडला पोहोचले. सुसी आणि चुमा अंत्यविधी झाल्यानंतरच तेथे येऊ शकले.

इंग्लंडमध्ये काही महिने जेकब यांची सभांतून भाषणे झाली. पण त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या लिव्हिंगस्टन यांच्या अखेरच्या प्रवासवृत्तात संपादक होरेस वॉलर यांनी मुख्यतः सुसी व चुमा यांच्या आठवणींचा आधार घेतला. जेकब मागे पडले. प्राइस यांच्यासोबत ते आफ्रिकेला परतले. मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी वसविलेल्या फ्रियरटाऊनमध्ये त्यांनी शिकविण्याचे काम केले. मात्र तेथे ते फार काळ टिकले नाहीत. पुढे बुगांडा आणि अखेर आजच्या टांझानियातील उरांबो असा त्यांचा प्रवास झाला. तेथेच १८९२ मध्ये त्यांचे निधन झाले. झांजिबारमध्ये गुलामगिरीच कायद्याने रद्द होण्यास तेव्हा आणखी पाच वर्षे होती.

त्या प्रवासात जेकब यांनी रोजनिशी लिहिली होती. लिव्हिंगस्टन यांच्या सोबत्यांपैकी एका आफ्रिकी माणसाने स्वहस्ते लिहिलेला त्या वाटचालीचा हा दुर्मीळ दस्तऐवज आहे. दीर्घकाळ तो अभ्यासकांना जर्मन भाषांतरातूनच परिचित होता. मूळ हस्तलिखित स्कॉटलंडमधील ब्लँटायर येथे, लिव्हिंगस्टन यांच्या जन्मस्थानी असलेल्या संग्रहालयात जतन केलेले आहे. २०१९ मध्ये ते इंटरनेटवर खुले झाले आणि शरणपूरला लिहायला शिकलेल्या या तरुणाचे इंग्रजी त्याच्याच अक्षरात कोणालाही वाचता येऊ लागले.