बीसीएनएफमधला 'बी'

डीबीएमएसच्या पेपरला बीसीएनएफ आपण सगळेच घोकतो. त्यातला 'सी' म्हणजे कॉड आणि 'बी' म्हणजे रेमंड बॉइस. जन्म १९४६चा. १९७२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातून पीएच.डी. घेऊन हा अमेरिकन तरुण आयबीएममध्ये लागला. कॉडची रिलेशनल कल्पना भारीच, पण त्यातली गणिती चिन्हं सामान्य माणसाला कुठली झेपायला! म्हणून बॉइस आणि डोनाल्ड चेंबरलिन या जोडीने साध्या इंग्रजी शब्दांची 'सीक्वेल' भाषा रचली. प्रोग्रामिंगचा गंध नसलेल्यालाही सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर लिहून हवी ती माहिती काढता यावी, एवढाच हट्ट. (व्हायवात आपली का फे फे उडते, ते सोडा!) मे १९७४ मध्ये भाषेचा पेपर सादर झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या विकाराने बॉइस गेला. तिशीही गाठली नव्हती; घरी पत्नी आणि तान्ही मुलगी. पुढे ट्रेडमार्कच्या भानगडीत सीक्वेलची एसक्यूएल झाली, १९७९ मध्ये ओरॅकलने ती बाजारात आणली.