डॉ. रुडॉल्फ फिर्शो

रुडॉल्फ फिर्शो यांचा जन्म १८२१ सालीं पोमेरेनिया प्रांतांतील एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. पुढें ते बर्लिन येथें नामांकित वैद्य झाले, व १८५९ पासून मरेपर्यंत त्या शहराच्या नगरसभेचे सभासदही होते.

त्या काळीं जर्मनींत डुकराचें कच्चें मांस खाण्याची चाल होती. वाचकहो, त्या मांसांत कधीं कधीं ट्रिकिना नांवाचे कृमि असत. ते इतके बारीक कीं, खाणाऱ्यास त्यांचा मागमूसही लागत नसे. १८६५ सालीं हेडर्सलेबेन या एकाच खेड्यांत त्यांच्यामुळें सुमारें १०० माणसें दगावलीं. मांस नीट शिजवावें, व कापलेल्या प्रत्येक डुकराचें मांस सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासावें, असें फिर्शो सांगूं लागले. आपला धंदा बुडेल म्हणून खाटीक संतापले. बर्लिन येथील सभेंत एका पशुवैद्यानें हें भय खोटें ठरविलें. तेव्हां, दूषित सॉसेज तुम्हीच खाऊन दाखवा, असें त्यास सांगण्यांत आलें. त्यानें एक घास घेतला व तो मुकाट्यानें सभेंतून निघून गेला, असें सांगतात. आम्हांस त्याची कींव येते.

१८८१ सालीं नगरपालिकेचा मोठा कत्तलखाना उघडला. तेथें जनावर कापण्यापूर्वीं व कापल्यावर पशुवैद्य तपाशीत. कृमि शोधण्याच्या कामीं स्त्रियाही नेमल्या होत्या.

१९०२ च्या जानेवारींत ट्रामगाडींतून उतरतांना पडून फिर्शो यांचें मांडीचें हाड मोडलें, व ५ सप्टेंबरला ते वारले. मांसतपासणीचा १९०० सालचा कायदा सर्व जर्मन साम्राज्यांत पुरतेपणीं अमलांत आला तो १ एप्रिल १९०३ रोजीं.