पाखरांचा सोबती

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे दिल्ली दरवाजाजवळ एक जुना तलाव आहे. मोगल काळी त्यास खिज्री तलाव म्हणत. आज तो सलीम अली सरोवर म्हणून ओळखला जातो. पाणपक्ष्यांच्या या वसतिस्थानास ज्यांचे नाव लाभले, ते डॉ. सलीम अली थोर पक्षिशास्त्रज्ञ होते.

त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईस झाला. बालपणीच आईबाप वारले. मामांनी त्यांचा सांभाळ केला. एकदा छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या कंठावर पिवळा डाग होता. तिची जात विचारण्यास ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि तेथेच त्यांना जीवनाचे ध्येय गवसले.

जर्मनीत शिक्षण घेऊन ते १९३० साली परतले. परंतु नोकरी मिळेना. तेव्हा वेतन न घेता, केवळ खर्चावर, संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी करण्याचे त्यांनी पत्करले. लवकरच हैदराबाद संस्थानात काम सुरू झाले. औरंगाबाद त्या वेळी त्याच संस्थानात होते. पत्नी तहमीना यांनी त्या रानोमाळच्या भटकंतीत त्यांना साथ दिली.

पाणपक्षी मोठे सावध. चाहूल लागताच लव्हाळ्यात दडतात. तेथे घाई उपयोगी नाही. निश्चल राहून पाहावे आणि पाहिले तेवढेच टिपावे, हा सलीम अलींचा नेम.

१९३९ साली तहमीना निवर्तल्या. ते दुःख गिळून त्यांनी काम चालू ठेवले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

तळ्याकाठी कॅमेरा घेऊन, श्वास रोखून एखाद्या लाजर्‍या पाखराची वाट पाहणारा प्रत्येक जण आजही त्यांच्याच वाटेने चालत असतो.